जोडसुट्टीत फुकेत: दिवसा समुद्र, रात्री नाइटक्लब आणि बेळगावहून निघण्याचे नियोजन

टिळकवाडीकर

सर्वांना सप्रेम नमस्कार. आम्ही चौघे शाळेपासूनचे मित्र आहोत आणि चौघेही बेळगावातच स्थिरावलो आहोत. दोघे उद्यमबागेत फाउंड्रीच्या कामात आहेत, एक जण बँकेत आहे आणि माझे औषधांचे दुकान आहे. महाविद्यालयात असल्यापासून आम्ही चोर्ला घाट उतरून गोव्याला जात आलो आहोत. या वेळी देशाबाहेरच्या एखाद्या बेटावर तीन रात्री राहावे, दिवसा समुद्रात पोहावे आणि रात्री नाइटक्लबमध्ये मनसोक्त नाचावे असा बेत ठरला, आणि थायलंडमधील फुकेत बेटावर सर्वांचे एकमत झाले. ऑगस्टमधील जोडसुट्टीत विमानाचे भाडे आणि हॉटेलचे दर बरेच उतरलेले दिसतात, म्हणून तेव्हाच जावे असे वाटते.

राहण्यासाठी कोणता किनारा निवडावा आणि तीन रात्रींत बेट पाहणे व क्लबमध्ये जाणे दोन्ही जमते का, हे जाणकारांनी सांगावे. आमच्यातील एक जण दारूला स्पर्श करत नाही आणि एक जण जैन आहे. त्या दोघांची आबाळ होऊ नये अशी माझी इच्छा आहे. थायलंडचे नाव काढताच घरच्यांना काळजी वाटू लागली आहे, त्यांच्याशी कसे बोलावे हेही कोणी अनुभवाने सांगितले तर उपकार होतील.

मलप्रभेकाठचा

टिळकवाडीकर, ऑगस्टचा बेत कृपया रद्द करा. फुकेत अंदमान समुद्रात आहे, आणि आपल्याकडे पाऊस आणणारा नैर्ऋत्य मोसमी वाराच तिथेही साधारण मे ते ऑक्टोबर या काळात वाहतो. पाटोंग, कारोन, काटा, सुरिन हे नावाजलेले किनारे बेटाच्या पश्चिम अंगाला असल्यामुळे लाटांचा मारा थेट त्यांच्यावरच होतो. त्या दिवसांत किनाऱ्यावर ठिकठिकाणी लाल निशाणे लावलेली असतात आणि लाल निशाण दिसले की पाण्यात उतरायचे नसते. दर उतरतात ते याच कारणाने.

तिथे दर पावसाळ्यात पर्यटक बुडतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लाटांबरोबर किनाऱ्यावर चढलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने जोरात समुद्राकडे परत जाते. वरून पाहिले तर नेमक्या त्याच जागी लाटा कमी फुटतात, पाणी निवांत दिसते, आणि म्हणून अनोळखी माणूस तिथेच उतरतो. त्या ओढीत सापडल्यावर सरळ किनाऱ्याकडे झटत राहिले तर पट्टीचा पोहणाराही दमतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर यावे आणि मगच आत वळावे. तेवढी ताकद नसेल तर तरंगत राहून हात वर करून मदत मागावी. आमच्या खानापूर भागातील मुले लहानपणापासून मलप्रभेच्या डोहात पोहतात. त्यांना पाण्याची भीती नसते, आणि पावसाळ्यात समुद्रावर गेल्यावर हीच निर्भयता जिवावर बेतते.

चव्हाट_गल्ली

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. शिवाय ऑगस्ट म्हणजे श्रावण. चौघांपैकी कोणाकोणाच्या घरी श्रावण पाळतात, याची चौकशी आधी करावी. मासळीवर पाणी सोडायचे असेल तर फुकेतच्या निम्म्या आनंदाला मुकावे लागेल.

शहापूरकर_काका

मुलांनो, माझे मत कडू वाटले तरी राग मानू नका. तीन रात्रींसाठी परदेशी जाणे मला पटत नाही. बेळगावहून परदेशी थेट विमान नाही. बंगळूर किंवा मुंबई गाठायची, तिथून फुकेत, पुन्हा तसेच परत. चार-पाच दिवसांतले दोन दिवस प्रवासातच जातात. समुद्रच पाहायचा तर गोवा दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे, आणि कोकणात मालवण-वेंगुर्ले आहे. घरच्यांची काळजीही निराधार नाही. थायलंडला जाणाऱ्या पुरुषांच्या टोळक्यांबद्दल जे बोलले जाते ते सगळे खोटे असते, असे मला वाटत नाही. तरुणांनी नाचू नये असे मी म्हणत नाही, परंतु ज्या रस्त्यावर माणसांचा बाजार भरतो तिथे आपली मुले पैसे मोजून जावीत, हे बापाच्या जातीला सहन होत नाही.

निपाणीची_माहेरवाशीण

काका, आपली तळमळ पोहोचली. तरी मी नवऱ्याबरोबर आणि नणंदेच्या कुटुंबाबरोबर तिथे राहून आले आहे, म्हणून जे पाहिले ते सांगते.

आपण ज्या रस्त्याबद्दल बोलत आहात तो पाटोंगमधील बांगला रोड. लांबीला जेमतेम चारशे मीटर. संध्याकाळी तो वाहनांना बंद होतो आणि मग पहाटेपर्यंत पायी चालणाऱ्यांचा असतो. दोन्ही बाजूंना उघडे बार, मध्येच एखादे गाणारे पथक, वर निऑनच्या पाट्या, आणि हातात तक्ते घेऊन ‘शो’ पाहायला बोलावणारे दलाल. त्या दलालांच्या मागे कोणीही जाऊ नये. आत गेल्यावर बिल किती येईल याचा भरवसा नसतो. मात्र त्याच रस्त्यावर मोठे नाइटक्लबही आहेत. तिथे नावाजलेले डीजे येतात, प्रवेशाला सुरक्षारक्षक असतात, आणि जगभरातील तरुण-तरुणी केवळ नाचण्यासाठी आलेले असतात. आमच्यातील बायकासुद्धा मध्यरात्रीनंतर निर्धास्त नाचल्या. माझ्या नणंदेने आयुष्यात प्रथमच अनोळखी माणसांमध्ये पदर सांभाळायची चिंता न करता नाच केला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला फार मोलाचा वाटतो.

डिसेंबर २०२३ पासून फुकेतमधील अशा क्लबांना पहाटे चारपर्यंत परवानगी आहे. थायलंडमध्ये मद्य आणि क्लबप्रवेश यांसाठी वय वीस पूर्ण लागते, आणि दाराशी पासपोर्ट विचारतात, म्हणून तो जवळ ठेवावा. क्लब खरे भरतात ते मध्यरात्रीच्या सुमारास. दहा वाजता गेलात तर रिकाम्या मजल्यावर उभे राहाल.

राहण्याबद्दल माझे स्पष्ट मत असे की पाटोंगच्या मधोमध खोली घेऊ नये. बांगला रोडच्या आसपासच्या खोल्यांमध्ये पहाटेपर्यंत ढोल वाजल्यासारखा ठेका भिंतीतून येत राहतो. कारोन किंवा काटा येथे राहावे आणि रात्री गाडीने पाटोंगला जावे. कारोनच्या किनाऱ्यावरची वाळू इतकी बारीक आणि स्वच्छ आहे की कोरड्या वाळूतून चालताना पायाखाली ती कुरकुर वाजते. सकाळी चपला हातात घेऊन चाललात की ऐकू येईल.

टिळकवाडीकर

मलप्रभेकाठचा, माहेरवाशीण ताई, दोघांचेही मनापासून आभार. काका, तुमचे म्हणणे मी वडिलांनाही वाचून दाखवले, त्यांना ते फार आवडले. ऑगस्ट आम्ही सोडून दिला आहे. प्रजासत्ताक दिनाला जोडून दोन दिवस रजा मिळू शकते, तर जानेवारी कसा राहील? आणि दारू न घेणाऱ्या मित्राबद्दल कोणी सांगेल का? तो म्हणतो की क्लबमध्ये मी कोपऱ्यात बसून तुमच्या पाकिटांची राखण करणार असेन तर मला नेऊ नका.

अनगोळ_नाका

मी स्वतः दारू घेत नाही आणि नाइटक्लबमध्ये आवडीने जातो, तेव्हा हा प्रश्न माझाच समजा. आपल्या मित्राला सांगा की नाचायला दारू लागत नाही. चांगल्या क्लबमध्ये ध्वनियंत्रणा अशी असते की खालचा ठेका कानांपेक्षा छातीत जाणवतो, आणि चांगला डीजे तासभर लय हळूहळू चढवत नेतो. ते सगळे शुद्धीत ऐकण्यात जी गोडी आहे ती मला इतरत्र मिळालेली नाही. सोडा आणि लिंबू मागितले तर कोणीही भुवया उंचावत नाही. कानात घालायचे फोमचे बोळे मात्र न्यावेत. तुमच्याच औषधाच्या दुकानात मिळतील. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो, आणि अशा आवाजात पाव तासानंतरही कानाला इजा होऊ शकते. बोळ्यांनी संगीत बिघडत नाही, फक्त टोचणारी धार जाते.

राखणीबद्दल एक विनंती. चौघांचे पासपोर्ट, पैसे आणि फोन त्या एकट्याच्या गळ्यात घालू नका. प्रत्येकाने आपले आपण सांभाळावे, पेला टेबलावर ठेवून नाचायला जाऊ नये, आणि निघायची वेळ आधी ठरवून चौघांनी मिळून बाहेर पडावे.

कुन्नूरचा_मळेकरी

जानेवारी उत्तम. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे पाऊस अगदी कमी असतो आणि समुद्र शांत, पाणी नितळ. दर मात्र दुपटीच्या जवळ जातात, तेव्हा हॉटेल आताच घ्यावे.

हिंडलगा_२

मला थोडे वेगळे सांगायचे आहे. ज्यांना ऑगस्टमध्येच सुट्टी मिळते त्यांनी थायलंडवर फुली मारायचे कारण नाही. देशाच्या पूर्व बाजूला, थायलंडच्या आखातात, को सामुई आणि को फांगान ही बेटे आहेत. त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत असतो आणि ऑगस्टमध्ये तिथे बऱ्यापैकी ऊन पडते. को फांगानच्या हात रिन किनाऱ्यावर दर पौर्णिमेच्या सुमारास रात्रभर नाच चालतो. १९८० च्या दशकात काही मोजक्या प्रवाशांनी सुरू केलेली ही प्रथा आज हजारोंच्या गर्दीची झाली आहे. फुकेतला ‘फुल मून पार्टी’ शोधत जाणारे पुष्कळ भारतीय भेटतात, म्हणून मुद्दाम लिहितो की ती फुकेतला नसते.

मलप्रभेकाठचा

हिंडलगा_२, हवामानाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे आणि माझ्या प्रतिसादात ती भर आवश्यक होती. तरी तीन रात्रींसाठी मी सामुई सुचवणार नाही. बँकॉकला विमान बदला, सामुईला उतरा, फांगानला जायचे तर पुढे बोट धरा. एवढ्यात सुट्टीचा कस निघून जातो. फुकेतला मुंबई आणि बंगळूर येथून थेट विमाने आहेत आणि चार-साडेचार तासांत माणूस पोहोचतो.

बेळगाव_ते_बार्सिलोना

मूळची कॅम्प भागातील, आता नोकरीनिमित्त स्पेनमध्ये. पार्टीचे बेट म्हटले की इकडे इबिझाचेच नाव निघते, म्हणून तुलनेसाठी लिहिते.

इबिझाचा मोसम मे ते ऑक्टोबर असतो. ‘पाचा’ हा तिथला जुना क्लब १९७३ पासून चालू आहे. क्लब मध्यरात्री उघडतात आणि सकाळी सहापर्यंत चालतात, प्रवेशाचे तिकीटच पन्नास युरोंच्या पुढे सहज जाते, आणि आत साध्या पाण्याच्या बाटलीलाही भरमसाट पैसे पडतात. भारतातून जायचे तर शेंगेन व्हिसा लागतो. जोडसुट्टीत ते बसणारे नाही.

मला तिथे आवडले ते मात्र वेगळेच. बेटाच्या राजधानीत डाल्ट व्हिला नावाची तटबंदीतली जुनी वस्ती आहे आणि समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताची कुरणे आहेत. दोन्हींना १९९९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. पाणी इतके नितळ दिसते ते या गवतामुळे, आणि श्रीमंतांच्या नौकांचे नांगर हेच गवत उपटतात. क्लबमध्ये काम करणारी तरुण मुले उन्हाळ्यात घरभाडे परवडत नाही म्हणून मोटारगाड्यांत आणि तंबूंत राहतात. २०२० मध्ये तिथल्या प्रादेशिक सरकारने सांत अन्तोनीसारख्या भागांत ‘हॅपी अवर’ आणि एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये नेणाऱ्या मद्यफेऱ्या यांवर बंदी घातली. काकांना कदाचित बरे वाटेल, पण हे नियम व्हावेत म्हणून मागणी करणाऱ्यांत तिथले रहिवासीच पुढे होते, आणि नाचगाणे बंद व्हावे असे त्यांच्यातील बहुतेकांना वाटत नाही. त्यांना रात्री झोप हवी आहे आणि राहायला घर हवे आहे.

शहापूरकर_काका

बार्सिलोनाच्या ताई, आपण लिहिलेले वाचून बरे वाटले, हे मोकळेपणाने सांगतो. गोव्याला आपल्या बेळगावातून भाजी आणि दूध जाते, त्यामुळे माझे तिथे जाणे-येणे पुष्कळ आहे. कळंगुट-बागाकडच्या लोकांची तक्रार हुबेहूब अशीच असते. रात्री दहानंतर उघड्यावर संगीत वाजवायला मनाई आहे, तरी ते वाजते. माझा मूळ प्रश्न मात्र अजून उभाच आहे. त्या रस्त्यावर काम करणाऱ्या मुलींचे काय?

वडगावकर_ताई

काका, हा प्रश्न आपण टाळू दिला नाही, याबद्दल आपले आभार. मी अनेक वर्षे विणकर बायकांच्या बचत गटांत काम केले आहे आणि फुकेतलाही जाऊन आले आहे, म्हणून या एका गोष्टीबद्दल मला कळकळीने लिहायचे आहे.

पाटोंगच्या बारमध्ये काम करणाऱ्या पुष्कळ स्त्रिया इसान भागातून येतात. इसान म्हणजे थायलंडचा ईशान्य प्रदेश, भातशेतीचा, पण पावसावर अवलंबून असलेला आणि देशातील गरीब भागांपैकी एक. मुले गावी आजीकडे असतात आणि महिन्याला पैसे पाठवायचे असतात. आमच्या हॉटेलात खोल्या आवरणारी बाई अशीच होती. तिने फोनवर मला तिच्या मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो दाखवला, मग माझ्या मंगळसूत्राकडे बोट दाखवून काही विचारले, आणि आम्ही दोघी भाषा नसताना बराच वेळ बोलत बसलो. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळीतली बाई काही वेगळी नसते.

तेव्हा टिळकवाडीकर, जाणाऱ्या मुलांना माझे सांगणे एवढेच आहे. तिथे काम करणाऱ्या कोणाचाही फोटो किंवा व्हिडिओ न विचारता काढू नये. भारतीय पुरुषांबद्दल तिथे जी नाराजी ऐकू येते तिच्यात सर्वांत मोठा वाटा याचा आहे: टोळक्याने उभे राहून एकटक पाहणे, फोन समोर धरणे, आणि आपापसांत मोठ्याने हसणे. ‘नको’ म्हणायचे असेल तर हसून, मान लववून म्हणता येते. सेवा देणाऱ्याला टीप द्यावी, मालिशवाल्या बाईशी वीस-तीस बाहटसाठी घासाघीस करू नये. घरच्यांशी काय बोलावे असे तुम्ही विचारले होते. त्यांना तुमचा बेत तासातासाने सांगा, बांगला रोडचे नावही लपवू नका, आणि चौघांचे फोन नंबर आणि हॉटेलचा पत्ता लिहून द्या. लपवण्यासारखे काही नसले की बोलणे सोपे जाते.

चव्हाट_गल्ली

वडगावकर ताई, हा प्रतिसाद मी आमच्या मित्रमंडळाच्या गटावर पाठवला आहे. आमच्यातील काही जण डिसेंबरमध्ये जाणार आहेत.

चिकोडीचा_जैन

जेवणाकडे वळू या, कारण माझ्या माहितीत उपाशी परतलेले लोक आहेत. थायलंडमध्ये नुसते ‘व्हेज’ म्हटले तर भाजीत माशाचा रस्सा, म्हणजे फिश सॉस, आणि कोळंबीची पेस्ट हमखास पडते. त्याऐवजी ‘जे’ म्हणावे. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात ते लिहिलेले असते. चिनी बौद्ध परंपरेतले हे जेवण असून त्यात मांस, मासे, अंडी आणि दूध नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. बटाटा, मुळा, गाजर यांबद्दल मात्र स्वतंत्र विचारून घ्यावे लागते. फुकेतमध्ये चंद्रपंचांगाच्या नवव्या महिन्यात, साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, नऊ दिवसांचा शाकाहार उत्सव असतो. त्या वेळी अख्खे शहर ‘जे’ खाते. पाटोंगमध्ये भारतीय खाणावळीही पुष्कळ आहेत. तरीही मी घरून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि भडंग नेतो. क्लबमधून पहाटे परतल्यावर त्याचा जो आधार वाटतो तो सांगून कळणार नाही.

किल्ला_भाग

स्कूटरबद्दल अजून कोणी लिहिले नाही. भाड्याने स्कूटर सहज मिळते, परवानाही कोणी विचारत नाही, पण अपघात झाला की सगळे विचारतात. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढून न्यावा आणि त्यावर दुचाकीची नोंद आहे ना, ते पाहावे. ती नसेल तर प्रवासविमा कंपनी रुग्णालयाचे पैसे नाकारू शकते. पाटोंगच्या भोवती डोंगर आहे आणि उतार तीव्र आहेत. रात्री क्लबमधून निघाल्यावर तर स्कूटरला हातही लावू नये. ॲपवरची टॅक्सी मागवावी. हमी म्हणून पासपोर्ट कोणाकडेही ठेवू नये, रोख अनामत द्यावी. आम्ही किनाऱ्यावर पाण्यातली स्कूटर घेतली होती तेव्हा परत करताना जुन्या ओरखड्याचे पैसे मागितले गेले, आणि आधी काढलेला व्हिडिओ दाखवल्यावरच विषय मिटला. घेण्यापूर्वी सर्व बाजूंनी व्हिडिओ काढावा.

विमानतळावरून पाटोंग, कारोन, काटा आणि रावाईकडे ‘फुकेत स्मार्ट बस’ जाते, तिकीट शंभर बाहट. टॅक्सीला याच्या कितीतरी पट पडतात.

बैलहोंगलकर_सर

विमानतळावरून दक्षिणेला येताना थालांग येथे चौकात दोन स्त्रियांचा पुतळा लागतो, हातात तलवारी घेतलेल्या. गाडीतून सगळे तो पाहतात आणि थोडेच लोक विचारतात. १७८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने बेटाला वेढा घातला तेव्हा सुभेदाराचे नुकतेच निधन झाले होते. त्याची पत्नी चान आणि तिची बहीण मूक यांनी बेट लढवले. बायकांना सैनिकांचा वेश देऊन तटावर उभे केले, त्यामुळे शत्रूला फौज मोठी वाटली आणि अखेर तो परत फिरला. राजा पहिला राम याने दोघींना थाओ थेप क्रासात्री आणि थाओ सी सुन्थोन असे किताब दिले. कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी १८२४ मध्ये कंपनीच्या फौजेला तोंड दिले, त्या मातीतला माणूस हा पुतळा पाहून गाडीतून खाली उतरतोच. मी उतरलो, तिथे स्थानिक लोक फुलांच्या माळा वाहत होते.

मुलांनो, एक संध्याकाळ फुकेतच्या जुन्या गावासाठी ठेवा. एकोणिसाव्या शतकात इथे कथिलाच्या खाणी भरभराटीला आल्या, चिनी व्यापारी श्रीमंत झाले आणि त्यांनी कमानींची, रंगीत दर्शनी भागांची घरे बांधली. रविवारी संध्याकाळी थालांग रस्त्यावर पायी बाजार भरतो. खाद्यसंस्कृतीसाठी युनेस्कोने २०१५ मध्ये फुकेतची निवड केली आहे, आणि या बाजारात ते पटते.

हिंडलगा_२

सरांनी रविवारचे सांगितले ते तुमच्या सुट्टीत अचूक बसते. शनिवारी सकाळी बोटीने फी फी बेटांवर जाता येईल. तिथली माया बे ही खाडी गर्दीमुळे प्रवाळ मरू लागल्याने जून २०१८ मध्ये बंद केली होती आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडली. आता तिथे पोहायला परवानगी नाही, बोटी मागच्या बाजूला थांबतात, आणि दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खाडीला विश्रांती दिली जाते. प्रवाळाला घातक असलेली रसायने असलेले सनस्क्रीन थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत चालत नाही, तेव्हा डबीवरचे घटक औषधविक्रेत्याने स्वतःच तपासावेत. ऑक्सिबेन्झोन नसलेले घ्यावे. बंद झाल्यावर शार्क मासे त्या खाडीत परतले, ही बातमी वाचून मला फार समाधान वाटले होते.

मलप्रभेकाठचा

अजून एक गोष्ट. किनाऱ्यांवर लाटेचे चित्र असलेल्या निळ्या पाट्या दिसतील, त्या सुनामीच्या वेळी उंचावर जाण्याची वाट दाखवतात. २६ डिसेंबर २००४ रोजी पाटोंग आणि कामला या किनाऱ्यांवर मोठी हानी झाली. त्याच दिवशी उत्तरेकडच्या माई खाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाच्या दहा वर्षांच्या इंग्रज मुलीने पाण्याचे फेसाळणे पाहून शाळेत नुकताच शिकलेला धडा ओळखला, आईवडिलांना सावध केले आणि किनारा रिकामा झाला. पाणी अचानक खूप मागे हटले किंवा जमीन हादरली तर भोंग्याची वाट न पाहता उंच जागी जावे. हॉटेलात उतरल्यावर ती वाट एकदा पाहून ठेवायला पाच मिनिटे पुरतात.

टिळकवाडीकर

इतके आत्मीयतेने लिहिलेत, सर्वांचे ऋण मानतो. आमचे असे ठरले आहे: शुक्रवारी दुपारपर्यंत पोहोचायचे, कारोनला उतरायचे, संध्याकाळी समुद्र आणि जेवून लवकर झोप. शनिवारी फी फी, परत आल्यावर विश्रांती, मग मध्यरात्री पाटोंग. रविवारी उशिरा उठून पोहणे आणि संध्याकाळी जुने गाव, सोमवारी परत. म्हणजे क्लबची रात्र एकच. मित्रांना दोन हव्या होत्या, पण रविवारी पहाटे चारला परतून त्याच रात्री पुन्हा जागायचे आणि सोमवारी विमान गाठायचे, हे ताकदीबाहेरचे वाटते. वडिलांनी होकार दिला आहे. वडगावकर ताईंचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचला. आता बंगळूरमार्गे जावे की मुंबईमार्गे, आणि कागदपत्रे काय, एवढे राहिले आहे.

निपाणीची_माहेरवाशीण

वेळापत्रक छान आहे. शनिवारी फी फीहून येताना उन्हाने फार थकवा येतो, तेव्हा संध्याकाळी दोन-तीन तास खरोखरच झोपा आणि भरपूर पाणी प्या. मग रात्र कशी रंगते ते पाहा.

शहापूरकर_काका

बंगळूरमार्गे जावे. बेळगावहून गुरुवारी दुपारी निघालात तरी रात्रीपर्यंत पोहोचता येते, आणि पहाटेच्या विमानाला हाताशी वेळ राहतो. सोमवारी परतल्यावर रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस मिळते का, ते विमानाची वेळ पाहून ठरवा. जोडसुट्टीत तिची आरक्षणे लवकर भरतात, तेव्हा परतीचे तिकीट आधी काढून ठेवा. आणि जुन्या गावाचे फोटो इथे टाका, मला पाहायचे आहेत.

किल्ला_भाग

कागदपत्रांचे सांगतो. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला. किती दिवसांसाठी, हा नियम बदलत असतो, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी थाई दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक शिल्लक हवी. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमनपत्र भरणे सक्तीचे आहे. ते पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नसतात. परतीचे तिकीट आणि हॉटेलची पावती छापून न्यावी. काही रोख बाहट जवळ असावेत, कारण तिथल्या एटीएममध्ये परदेशी कार्डाला दर वेळी दोनशेहून अधिक बाहट शुल्क लागते. ई-सिगारेटवर थायलंडमध्ये बंदी आहे, किनाऱ्यावर धूम्रपानालाही मोठा दंड आहे. गांजाची दुकाने दिसतील. जून २०२५ पासून तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि भारतात आणणे तर अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. सामानात कोणाचेही पुडके घेऊ नये.

घड्याळ दीड तास पुढे करावे लागते, हे सोमवारच्या विमानासाठी लक्षात ठेवा. कारोनहून विमानतळ बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि दुपारी रस्ता तुंबतो, म्हणून विमानाच्या किमान चार तास आधी हॉटेल सोडा.